सन २०११ पासून हिरवी रेघ

भिंगार,
८ फेब्रुवारी १९९९

चि. पंकज,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने लिहीत बसत नाही.

तीन महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि त्यात निघालं काम. नगरला माळीवाड्याजवळ काकासाहेब नावाचे विमा एजंट आहेत, त्यांच्या ऑफिसात तुमच्या कंपनीचा प्रोग्रॅम चाचणीसाठी दिलेला आहे, आणि मी तिथं जाऊन 'निवृत्त महिला' म्हणून बसायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि पडद्यावरचं इंग्रजी तपासायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या छड्या खाऊन शिकलेलं इंग्रजी सदतीस वर्षं लष्कराच्या कचेरीत दुसऱ्यांची पत्रं टाइप करण्यात घालवलं. अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून ९७ साली मला घरी पाठवलं, आणि वर्षाच्या आत सरकारने निवृत्तीचं वय साठ केलं. माझ्या खुर्चीवर जी बसली तिला दोन वर्षं फुकट मिळाली. तिला 'रिसीव्ह' लिहिता येत नाही. असो. थकवा येतो या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगून, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

तर मी जाईन, पण तुमच्या इंग्रजीसाठी नाही. माझा एक प्रश्न आहे आणि तो मी त्या यंत्राला विचारणार आहे. मी गेल्यावर भामाबाई कुठं राहणार?

तू म्हणशील, हा काय प्रश्न झाला. नीट वाच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा, ८१ साली, भामाबाई तिसगावहून तिची सेवा करायला आली. त्याच वर्षी तू शाळेसाठी माझ्याकडे आलास, कारण तुझ्या वडिलांची दर दोन वर्षांनी बदली. डब्यात भाकरी बघून मुलं हसतात म्हणून तू रडलास, तर ती तुझ्यासाठी पहाटे वेगळ्या पोळ्या लाटायची. आई ८६ साली गेली. भामाबाई राहिली. ती राहावी असं कुणी ठरवलं नाही, तिनेही विचारलं नाही. तिसगावला भाऊ आहे, पण त्याच्या घरात तिच्या वळकटीपुरतीही जागा नाही. हे तिने सांगितलेलं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते तुझं होणार. तू तिला बाहेर काढशील असं मी म्हणत नाही. पण तू पुण्यात राहतोस, आणि पुण्यात राहणाऱ्यांना भिंगारचं घर म्हणजे विकायची वस्तू वाटते.

माझी तब्येत ठीक. गेल्या महिन्यात तपासण्या केल्या, त्यात विशेष काही नाही.

तुझी,
जयमालाआत्या

●

पुणे,
१६ फेब्रुवारी १९९९

ती. आत्या,

सप्रेम जयभीम. पत्र वाचताना तू समोर बसून बोलतेयस असं वाटलं आणि पाठ आपोआप ताठ झाली.

आमची कंपनी नेमकं काय करते, हे तू तिसऱ्यांदा विचारण्याआधी लिहितो. लोकांना पैशाचा सल्ला देणारे जे असतात, काकासाहेबांसारखे, त्यांच्यासाठी आम्ही प्रोग्रॅम बनवतो. समोर बसलेल्या माणसाचं वय, पगार, घर, मुलं, आजार, त्याला पुढं काय काय करायचंय, हे सल्लागार विचारतो आणि भरतो. प्रोग्रॅम त्याच्या ऑफिसात नसतो, तो इथं पुण्यात आमच्या कॉम्प्युटरवर असतो. सल्लागार टेलिफोनच्या तारेने त्याला जोडून घेतो. मग पडद्यावर पुढच्या तीस वर्षांची एक रेघ येते. जिथं माणसाचं निभत नाही तिथं रेघ लाल, जिथं निभतं तिथं हिरवी. बस, एवढंच. परदेशात सल्लागार असं काम सर्रास करतात, इथं लोकांना अजून 'ऑनलाइन' म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागतं. मार्चमध्ये बाहेरचे काही लोक आमचं काम पाहायला येणार आहेत, म्हणून धावपळ.

भामामावशीचा प्रश्न जरूर विचार. अशाच प्रश्नांसाठी तो बनवलाय.

वृषाली महिनाभर सुप्याला माहेरी गेली आहे, हवापालट म्हणून. बाकी सगळं ठीक.

तुझा,
पंकज

●

भिंगार,
४ मार्च १९९९

पंकज,

काल जाऊन आले. जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर 'आत्या, तुझा गैरसमज झाला' असं म्हणायला तुला जागा राहणार नाही.

काकासाहेब माणूस वाईट नाही. पाटीवरचं 'विमा प्रतिनिधी' खोडून 'आर्थिक सल्लागार' रंगवलंय, पण रंग पातळ आहे, खालचं वाचता येतं. चहा दिला. फोनची तार जोडली, तर त्या डब्यातून मांजर चिरडल्यासारखे आवाज. चार वेळा लाइन तुटली. पाचव्यांदा लागली तेव्हा मी चहाचा दुसरा कप संपवला होता.

प्रश्न सुरू झाले. वय साठ. विवाहित की अविवाहित. मुलं नाहीत. मधुमेह आहे का, तर आहे. मग आलं, 'अवलंबून असलेल्या व्यक्ती'. मी म्हटलं, एक. काकासाहेबांनी नात्याची यादी उघडली. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. संपली. मी म्हटलं, यातलं कुणी नाही, भामाबाई आहे. त्यांनी विचारलं, बाई, कामाला आहे का? मी म्हटलं, होती, आता राहते. ते म्हणाले, "मंग बहीण टाकू का?" मी म्हटलं, खोटं नको. त्यांनी यादी खालीवर करून पाहिली. मग ते फार हळू आवाजात म्हणाले, "नातं टाकल्याबिगर पुढं जाऊच देत न्हाई हे." आणि त्यांनी शून्य भरलं.

अठरा वर्षं. शून्य.

शून्य भरल्यावर माझी रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवीगार आली. मला कसलीही काळजी नाही, असं तुमच्या यंत्राचं मत पडलं.

मी उठत होते. काकासाहेबांना वाटलं, मी नाराज झाले. ते म्हणाले, थांबा बाई, यात एक नमुन्याचं कुटुंब दिलंय, ते बघा, म्हणजे कसं छान चालतं ते कळेल. त्यांना इंग्रजी पुरतं वाचता येत नाही, म्हणून ते बटणं दाबत होते आणि मी वाचत होते. नवरा एकोणतीस, कॉम्प्युटर इंजिनिअर, पुण्यात भाड्याच्या घरात. बायको सव्वीस. नावं वेगळी, काहीतरी गुळगुळीत. रेघ लालभडक, वर्षामागून वर्षं लाल. आणि मग २०११ साली एकदम हिरवी. काकासाहेब खुश. म्हणाले, "बघा, हितं सुटले बिचारे."

मी विचारलं, २०११ साली काय झालं? त्यांनी बटण दाबलं. मी वाचलं. अपेक्षित वारसा. घर, भिंगार छावणी. अविवाहित आत्या, वय साठ, मधुमेह.

पंकज, नाव बदललंस, गाव नाही बदललंस. माझं नाव खोडलंस आणि माझी साखर ठेवलीस. मी बहात्तराव्या वर्षी मरते आणि त्या दिवसापासून तुमचं सगळं हिरवं. खाली तळटीप आहे, आजारामुळे आयुर्मानातून चार वर्षं वजा. म्हणजे मी निरोगी असते तर तुम्हाला आणखी चार वर्षं लाल काढावी लागली असती. त्यात 'आयुर्मान' या शब्दाचं स्पेलिंगही चुकलंय. तपासायला सांगितलं होतंस, तपासलं.

काकासाहेबांना काही कळलं नाही. ते म्हणाले, या आत्यानं मोठं काम केलं बघा.

मी बसने परत आले. भामाबाईने विचारलं, काय म्हणाला पंकज्याचा कॉम्प्युटर? मी रागात होते, सगळं सांगून टाकलं. ती काय म्हणाली ते तुला लिहिण्यासारखं नाही.

आणि सुप्याला हवापालटाला कुणी जात नाही. कारखान्यांच्या रस्त्यावर कसली आलीय हवा. मला मूर्ख समजायचं असेल तर निदान माथेरान लिहीत जा.

जयमाला

●

[पोस्टकार्ड]

भिंगार,
२७ मार्च १९९९

पंकज, तेवीस दिवस झाले, उत्तर नाही. तेही एक उत्तरच. मी नगरला वकिलांकडे जाऊन आले. काय केलं ते सांगणार नाही. तुझ्या रेघेला विचार.

ज.

●

पुणे,
३ एप्रिल १९९९

ती. आत्या,

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं आहे, आणि हे पाठवणार आहे, कसंही झालं तरी.

तू जे वाचलंस ते मीच भरलेलं होतं. गैरसमज झाला असं म्हणणार नाही.

कसं झालं ते मात्र सांगतो. नमुन्यासाठी एक कुटुंब हवं होतं. खरं कुटुंब घेतल्याशिवाय आकडे खरे वाटत नाहीत, आणि खरी माहिती बाहेरचं कुणी देत नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येकाने आपापलं घर भरून बघितलं. माझं भरलं तर रेघ शेवटपर्यंत लाल. साहेब म्हणाले, पाहुण्यांना दाखवायचंय, शेवटी हिरवं झालं पाहिजे, नाहीतर प्रोग्रॅमचा उपयोग काय. मी दोन दिवस प्रयत्न केला. वृषालीचा पगार वाढवून पाहिला, मूल पुढं ढकलून पाहिलं, मग मूलच काढून टाकलं. लालच. मग खाली 'वारसा' असा एक रकाना होता, तिथं गेलो. आमच्या दोघांच्या अख्ख्या घराण्यात कुणाच्या नावावर काही आहे असं एकच माणूस निघालं. मी तुझं वय घातलं, साखर विचारली म्हणून साखर घातली. २०११ मी नाही लिहिलं, ते त्याने स्वतः काढलं. मी फक्त एंटर दाबलं. रेघ हिरवी झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुला खरं सांगतो, त्या वेळी तो पडदा बघताना मला तू दिसलीच नाहीस. मला फक्त आम्ही दोघं सुटलेले दिसलो.

हे मी तुझ्या पत्रानंतर वृषालीला सांगितलं. ती म्हणाली, आणि भामामावशी कुठं होती त्यात? मला आठवेना. नात्यांची ती यादी मीच केलीय, आत्या. आठ नाती. मला वाटलं होतं, झाली सगळी.

हवापालटाचंही तुझं बरोबर. डिसेंबरपासून पगार नाही. आम्ही जागा सोडली, वृषाली माहेरी आहे आणि मी ऑफिसातच राहतो. पाहुणे आले, कौतुक केलं, चहा घेतला आणि गेले. त्यांच्याकडून पत्र आलं की भारतात अजून वेळ आहे. कंपनी या महिनाअखेर बंद होते आहे.

ते नमुन्याचं कुटुंब मी काल पुसून टाकलं. आता कुणालाच दिसणार नाही. वकिलांकडे जे केलं असशील ते योग्यच असेल. मला घर नको असं म्हणण्याइतका मी मोठा नाही, पण त्यावर माझा हक्क आहे असं म्हणणारही नाही.

तब्येतीला जप.

पंकज

●

भिंगार,
१९ एप्रिल १९९९

चि. पंकज,

आशीर्वाद. या वेळी लिहिते आहे, नीट घे.

चौदा तारखेला, जयंतीला, भामाबाईने पुरण घातलं होतं. दुपारपर्यंत दारात बसून होती, पंकज्या येतो का बघायला. तुला लाज वाटत असणार हे मी तिला सांगितलं नाही. बस चुकली असेल म्हटलं.

मला तुझा राग आहे, पण तो आता दमलाय. टाळ्या वाजवल्यास हे लिहिलंस, ते बरं केलंस. ते लपवलं असतंस तर हे पत्र तुला मिळालं नसतं.

आधी वकिलांचं सांगते. मृत्युपत्र केलं. भामाबाई जिवंत असेपर्यंत या घरात राहील, तोवर ते कुणी विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. तिच्यानंतर ते तुझं. वकिलांनीही विचारलं, नातं काय लिहू. मी म्हटलं, नाव लिहा आणि पुढं चला. त्यांना तसं लिहिता आलं, तुमच्या यंत्रालाच तेवढं जमलं नाही.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की भामाबाई जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. तुला वाटलं असेल, तिने तुला शिव्या दिल्या. शिव्या नाही दिल्या. मी संतापून २०११ चं सांगत होते, तेव्हा ती पीठ मळत होती. हात थांबले. म्हणाली, "किती साल म्हनला तो?" मी पुन्हा सांगितलं. तिने पिठाच्या बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "बारा वरीस. लई झाली की वो बाई." आणि पदराने तोंड पुसायला गेली तर गालाला पीठ लागलं, आणि ती हसत होती. मी तिच्यावर ओरडले. मला अपमान वाटत होता आणि ही बाई खुश.

मग मला कळलं. जानेवारीपासून दवाखान्याचे कागद मी कपाटात कुलपात ठेवतेय. तिला अक्षर वाचता येत नाही, पण कुलूप वाचता येतं. तेव्हापासून ती तिची वळकटी माझ्या खोलीच्या दाराशी टाकत होती. गुडघ्याला वारा लागतो, असं कारण सांगायची. २०११ ऐकलं त्या दिवसापासून ती परत स्वयंपाकघरात निजायला लागली.

तपासण्यांत विशेष काही नाही असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. मूत्रपिंडं खराब झालीत. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळलं तर दोन वर्षं, फार तर तीन. तुझ्या यंत्राने मला बारा दिली. इतकं उदार माझ्याशी आजवर कुणी वागलं नाही, सरकार तर नाहीच. हे भामाबाईला कळता कामा नये. तुला सांगतेय कारण तू आता काही लपवत नाहीस, आणि कुणाला तरी माहीत असायला हवं.

आता यातून एक भानगड झालीय आणि ती तुलाच निस्तरायचीय.

तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डाव्याला सुरुवात आहे. मे महिन्याच्या वीस तारखेला नगरला शिबिर आहे, मी तिचं नाव फेब्रुवारीतच घातलं होतं, मोठ्या मिनतवारीने तयार केली होती तिला. आता म्हणते, घाई काय हाय, बारा वरीस हायेत, फुडल्या साली बघू. मी चिडले, समजावलं, दोन दिवस जेवले नाही. तिच्यावर परिणाम नाही. खरं कारण सांगता येत नाही. ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायला कुणीतरी लागतं. या वर्षी मी आहे. आणि कागदावर घर लिहून दिलं, पण उद्या ती एकटी असेल, तिला स्टोव्ह दिसला नाही, न्हाणीचा उंबरा दिसला नाही, तर त्या घराचं ती काय करणार? मी तिच्यासाठी छप्पर ठरवलं, वकिलाची फी दिली, छाती फुगवून घरी आले आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी एकलीनं हितं भिंतींशी बोलू का?" तिला काय हवंय हे मीही विचारलं नव्हतं, पंकज. तुझी माणसं आठ नात्यांत संपली, माझं सगळं छपराच्या एका रकान्यात भागलं. एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं, असे आपण.

तर ऐक. ते नमुन्याचं कुटुंब पुसलंस म्हणतोस. बाकीचं पुसलेलं राहू दे. पण महिनाअखेरीला कंपनीचे दिवे जायच्या आत एक काम कर. भामाबाईचं नाव घालून एक कागद काढ. नात्याच्या यादीत एक नवं नातं भर, काय ते तू ठरव, तू तिला मावशी म्हणत आलायस. तिला माझं पटत नाही, डॉक्टरांचं पटत नाही. पण ज्याने मला बारा वर्षं दिली त्या कॉम्प्युटरवर तिचा पूर्ण विश्वास बसलाय. सगळ्या आळीला सांगून झालंय. तो कागद घेऊन तू इथं यायचंस आणि तिला सांगायचंस की तिचं ऑपरेशन याच मे महिन्यात आलंय, त्यात बदल नाही. खोटं आहे, ठाऊक आहे. काकासाहेब 'बहीण टाकू का' म्हणाले तेव्हा मी खोटं नको म्हटलं होतं, हेही ठाऊक आहे.

वृषालीलाही घेऊन ये. पुढची खोली रिकामीच आहे. जागा सोडलीत म्हणून घाबरून जायचं कारण नाही, तू पूर्वीही त्याच खोलीत राहिलायस. काम शोधायला इथून पुण्याला रोज बस आहे. तू आलास तर ती भिंतींशी बोलायचा विषय काढणार नाही, निदान आत्ता तरी.

माझं २०११ तसंच ठेव. तिने विचारलं तर तेच सांग.

आणि कागदावर अक्षरं घालून उपयोग नाही, तिला रेघ दिसली पाहिजे. मेपर्यंत लाल, पुढं हिरवी, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांगली बोटभर जाड. डाव्या डोळ्याने तिला रंग अजून कळतात. हिरवा जरा गडद छाप.

तुझी,
जयमालाआत्या